बंदिवान, त्यांचे राखणदार आणि आपण

आमच्या पाटण तालुक्यांत ‘तुरुंग’ हा एकच शब्द दोन निराळ्या सुरांत उच्चारला जातो. अमक्याचे आजोबा १९४२ च्या चळवळींत तुरुंगांत गेले होते, असें सांगतांना घरच्या माणसांची मान ताठ होते. त्याच आळींतला एखादा इसम चोरीच्या अगर मारामारीच्या आरोपावरून साताऱ्यास, कळंब्यास किंवा येरवड्यास गेला कीं, त्याच्या दारावरून जातांना लोक आवाज खालीं करितात आणि त्याच्या मुलांबरोबर खेळूं नको असें आपल्या मुलांस बजावतात. पहिल्या सुरांतला अभिमान योग्यच आहे. दुसऱ्या सुराविषयीं मात्र आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि ते शाळेच्या वार्षिकांतच लिहावे असें आम्हांस वाटतें; कारण हा सूर मुलें घरीं शिकतात आणि तो शाळेच्या मधल्या सुटींत उमटतो.

तुरुंगाच्या भिंतींआड जगाचें किती धन सांठलेलें आहे याची नुसती यादी केली तरी आपण थक्क होऊं. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगांत लिहिलें. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली गेली. येरवड्याच्या तुरुंगास गांधीजी मंदिर म्हणत. वसंतदादा पाटील १९४३ च्या जुलै महिन्यांत सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि पुढें ह्याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. आमच्या ख्रिस्ती घरांतून एके काळीं मोठ्या आवडीनें वाचलें जाणारें ‘यात्रिकक्रमण’ हरि केशवजींनीं १८४१ सालीं मराठींत आणलें. त्याचा मूळ कर्ता जॉन बनियन हा बेडफर्डच्या बंदिशाळेंत बारा वर्षें पडून होता. पवित्र शास्त्र उघडलें तर योसेफ मिसरांतल्या तुरुंगांत दिसतो, आणि पौल व सीला फिलिप्पै येथें खोड्यांत पाय अडकलेले असतांना मध्यरात्रीं गीतें गात आहेत असें आढळतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, हीं सारीं माणसें निरपराध होतीं, आणि चोर-दरोडेखोरांची गोष्ट वेगळी. हा आक्षेप रास्त आहे व त्यास सरळ उत्तर दिलें पाहिजे. तेव्हां आधीं हें पाहूं कीं, आज आपल्या देशांतल्या तुरुंगांत कोण आहे. सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें १९४७ नंतरच्या स्वतंत्र भारतांत २०२२ सालच्या अखेरीस ५,७३,२२० माणसें तुरुंगांत होतीं. तुरुंगांत जागा होती ४,३६,२६६ माणसांची. म्हणजे जेथें शंभरांनीं राहावें तेथें एकशें एकतीस राहात होते. आणि सर्वांत ध्यानांत ठेवण्यासारखा आंकडा असा कीं, त्यांपैकीं ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाहीं, ज्याच्या खटल्याचा निकाल लागावयाचा आहे, असा मनुष्य. दर चार बंदिवानांतले तीन असे आहेत. ह्यांतले कित्येक पुढें दोषी ठरतील. पण कित्येक सुटतील, आणि सुटणारांचीं जीं वर्षें भिंतीआड गेलीं तीं त्यांस कोणीहि परत देणार नाहीं. आपण मात्र पोलिसांची गाडी दारांत उभी राहिली त्याच दिवशीं निकाल देऊन टाकतों. न्यायाधीशास वर्षें लागतात, आळीस एक संध्याकाळ पुरते.

आतां ज्यांचा गुन्हा शाबीत झाला त्यांच्याकडे वळूं. न्यायासनानें एखाद्यास पांच वर्षांची शिक्षा दिली तर शिक्षा कोणती? त्याचें स्वातंत्र्य पांच वर्षें काढून घेतलें, एवढीच. त्यानें अपुऱ्या जागेंत निजावें, रोगानें कुजावें, बलिष्ठ कैद्यांचा मार खावा आणि सुटल्यावर जन्मभर कोणीं त्यास दाराशीं उभें करूं नये, असें कोणत्याहि निकालपत्रांत लिहिलेलें नसतें. ही जोडशिक्षा कायदा देत नाहीं. ती व्यवस्थेच्या हयगयींतून आणि आपल्या मनांतल्या कठोरपणांतून निर्माण होते. ‘कैद्यांचे कसले लाड करावयाचे!’ हें वाक्य चहाच्या दुकानांत सहज ऐकूं येतें. ज्या समाजास आपल्या बंदिवानांची पर्वा नाहीं, त्या समाजास ते कोणाच्या हाती आहेत याचीहि पर्वा राहात नाहीं. येथूनच आमच्या लेखाचा दुसरा विषय सुरू होतो.

तुरुंग भरून वाहूं लागले, सरकारचा खर्च वाढूं लागला, म्हणजे एक युक्ति सुचते: तुरुंग चालविण्याचा मक्ताच एखाद्या कंपनीस द्यावा. आपल्या देशांत असे तुरुंग नाहींत. आपल्या राज्यघटनेनें तुरुंग हा विषय राज्यांकडे सोंपविला आहे. परंतु शाळा, दवाखाने, रस्ते यांचे मक्ते देण्याची ज्यांस संवय झाली आहे त्यांना ही कल्पना उद्यां गोड वाटूं लागली तर नवल नाहीं. म्हणून जेथें ती अमलांत आली तेथें काय घडलें तें आपल्या मुलांनीं जाणून घ्यावें.

ही कल्पना नवीन मुळींच नाहीं. अठराव्या शतकांत इंग्लंडांतले तुरुंग एका अर्थीं खाजगीच होते. तुरुंगाधिकाऱ्यास पगार नसे. तो कैद्यांकडूनच फी वसूल करी. जॉन हॉवर्ड नांवाचा एक धर्मशील गृहस्थ १७७३ सालीं बेडफर्डशायरचा शेरीफ झाला. बनियनच्याच त्या परगण्यांत त्यानें पाहिलें कीं, न्यायालयानें निर्दोष म्हणून सोडलेलीं माणसें केवळ फी देतां येईना म्हणून पुन्हां कोठडींत ढकललीं जात आहेत. हॉवर्ड घोड्यावर बसून तुरुंगामागून तुरुंग पाहात फिरला, १७७७ सालीं त्यानें आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, आणि तुरुंगाचा रखवालदार कैद्याच्या जिवावर जगतां कामा नये हें तत्त्व जगापुढें मांडलें. १७९० सालीं परमुलखांत, साथीच्या रोगाची पाहणी करीत असतां, त्यास मृत्यु आला.

अमेरिकेंत १८६५ सालीं यादवी युद्ध संपून गुलामगिरी बंद झाली. पण ज्या घटनादुरुस्तीनें ती बंद केली तिच्यांतच गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला गेला. दक्षिणेकडील राज्यांनीं त्या फटींतून वाट काढिली. क्षुल्लक कारणांवरून नीग्रो माणसें पकडावीं, शिक्षा ठोठवावी, आणि तीं कैदी म्हणून मळेवाल्यांस, खाणवाल्यांस व रेल्वे कंपन्यांस भाड्यानें द्यावीं, असा क्रम सुरू झाला. गुलाम मेला तर धन्याचें नुकसान होई. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. ॲलाबामा राज्यांत हा प्रकार १९२८ सालापर्यंत चालला.

आजच्या पद्धतीचे कंपनी-तुरुंग त्याच देशांत १९८३ च्या सुमारास निघाले, आणि आतां तेथील शंभरांतले सुमारें आठ बंदिवान त्यांत असतात. ह्या कंपन्यांस दर कैद्यामागें, दर दिवसाचे पैसे मिळतात. कांहीं करारांत तर इतक्या खाटा भरलेल्या राहतील अशी हमीच सरकारनें दिलेली असते. खाटा रिकाम्या राहिल्या तरी पैसे द्यावयाचे. वाचकांनीं क्षणभर थांबून ह्या हिशेबाचा अर्थ लावावा. शाळेस मुलें वाढलीं तर आनंद व्हावा हें ठीक. दवाखान्यास रोगी वाढल्याचा आनंद होऊं लागला तर आपण घाबरूं. आणि तुरुंगास कैदी वाढल्याचा आनंद होऊं लागला तर काय म्हणावें? ज्याचा नफा गुन्हेगारांच्या संख्येवर चालतो तो गुन्हेगार सुधारण्यासाठीं धडपडेल, अशी आशा करणें म्हणजे सावकारानें ऋणकोस काटकसर शिकवावी अशी आशा करण्यासारखें आहे.

ह्या व्यवहारांत केवढा अनर्थ दडलेला असतो हें पेनसिल्व्हेनिया राज्यांतील लुझर्न परगण्यांत दिसून आलें. तेथें मुलांसाठीं खाजगी बंदिगृहें बांधण्यांत आलीं होतीं. ज्यांचे हितसंबंध ह्या बंदिगृहांत गुंतले होते त्यांच्याकडून दोन न्यायाधीशांनीं सुमारें २८ लाख डॉलर घेतले. आणि त्यांतील एकाच्या न्यायासनापुढून मुलें भराभर बंदिगृहांत जाऊं लागलीं. शाळेच्या उपमुख्याध्यापकांची इंटरनेटवर थट्टा केली एवढ्यावरून एका मुलीस धाडण्यांत आलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या मनास विचारावें कीं, ह्या मापानें आपल्यांतले किती जण आज शाळेंत दिसले असते! प्रकरण उघडकीस आल्यावर २००९ सालीं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें हजारों मुलांच्या शिक्षा रद्द केल्या, आणि २०११ सालीं त्या दोन न्यायाधीशांपैकीं एकास २८ वर्षांची व दुसऱ्यास साडेसतरा वर्षांची कैद झाली. पण मुलांचें हिरावलेलें बालपण कोणत्या निकालानें भरून यावें?

न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, सरकारी तुरुंग म्हणजे आदर्श आणि खाजगी तेवढे वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. वरचे आपलेच आंकडे आमचें तोंड बंद करितील. इंग्लंडांत कांहीं कंपनी-तुरुंग बरे चालले; तर बर्मिंगहॅमचा तुरुंग हिंसा व मादक पदार्थ यांनीं इतका बिघडला कीं, २०१८ सालीं सरकारनें तो कंपनीच्या हातून परत घेतला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मनुष्यास कुलुपांत घालण्याचा अधिकार हा सर्व समाजाच्या वतीनें वापरावयाचा अधिकार आहे. त्याची किल्ली विकतां किंवा भाड्यानें देतां कामा नये. सरकार चुकलें तर विधिमंडळांत प्रश्न विचारतां येतो, न्यायालयांत दाद मागतां येते. कंपनीस विचारूं गेलों तर करारपत्र पुढें येतें.

आणि हा प्रश्न केवळ लोभाचा आहे असेंहि नाहीं. ह्या ठिकाणीं आम्हांस आमच्याच अंगणांत डोकावलें पाहिजे. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें असा कायदा केला कीं, कांहीं जाति जन्मतःच गुन्हेगार समजाव्या. पारधी, कैकाडी, भामटे इत्यादि जातींच्या माणसांनीं कांहींहि न करितां चौकीवर हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गांव सोडावयाचा नाहीं. पुढें त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणांच्या वसाहती झाल्या. सोलापुरास अशी मोठी वसाहत होती; तेथील माणसें गिरण्यांत राबून येत आणि पुन्हां कुंपणांत हजेरी देत. त्या भागास लोक आजहि ‘सेटलमेंट’ म्हणतात. अशा कित्येक वसाहती सरकारनें खाजगी संस्थांच्या हाती दिल्या, आणि त्या संस्थांत मिशनें होतीं. उत्तर हिंदुस्थानांत मुक्तिफौजेनें १९०८ पासून हें काम अंगावर घेतलें. मुंबई इलाख्यांतहि कांहीं वसाहतींवर मिशनांची देखरेख होती.

त्या मिशनऱ्यांस नफा नको होता. त्यांनीं शाळा काढिल्या, औषधें दिलीं, कसब शिकविलें. कित्येकांनीं त्या कामीं आयुष्य वेंचलें. तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु कुंपण तें कुंपणच. ज्यांनीं गुन्हा केला नव्हता त्यांस जातीवरून कोंडून ठेवण्याच्या कामांत धर्मसंस्थेनें किल्ली हातीं धरावी, हें आमच्या प्रभूच्या शिकवणुकीशीं जुळणारें नव्हतें. हा कायदा स्वतंत्र भारतानें ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द केला, आणि त्या जाति ‘विमुक्त’ झाल्या. कागदावरची बेडी तुटली; मनांतली अद्याप तुटावयाची आहे. गांवांत चोरी झाली कीं पहिली धाड पालावर पडते, हें कोणास ठाऊक नाहीं? तुरुंगांतहि जातीप्रमाणें कामें वांटण्याचे नियम कित्येक राज्यांच्या पुस्तकांत इतकीं वर्षें राहिले होते. मुंबईच्या एका महिला पत्रकारानें त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हां ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ते घटनाबाह्य ठरविले. यावरून इतकें शिकावयाचें कीं, चांगला हेतु पुरेसा नसतो. कोंडणाऱ्यास कोणीं तरी जाब विचारणारा असावा लागतो.

मग तुरुंग कसा असावा? ह्याचें उत्तर शोधण्यास विलायतेस जावयास नको. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यांत, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नांवाची वसाहत आहे. हा मुलूख पूर्वीं औंध संस्थानांत होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं प्रजेस राज्यकारभाराचे हक्क दिले, आणि त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन ह्या पोलंडांतून आलेल्या गांधीभक्त इंजिनियराच्या प्रेरणेनें कैद्यांची ही उघडी वसाहत निघाली. भिंत नाहीं, गज नाहींत. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेलीं माणसें माळरानावर शेती करूं लागलीं, आणि त्यांच्या बायकामुलांसहि तेथें राहण्याची मुभा मिळाली. ह्याच प्रयोगावरून शेजारच्या माडगुळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनीं कथा रचली आणि व्ही. शांतारामांनीं १९५७ सालीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढिला. चित्रपट साऱ्या देशानें पाहिला. मूळ गांव मात्र आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगत असूनहि आपल्यांतल्या फारच थोड्यांस ठाऊक आहे. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. वसाहत तुरुंग खात्याकडे येऊन टिकून राहिली.

त्याच संस्थानांत, १९१० सालीं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कुंडलच्या माळावर कारखाना वसविला. तेव्हां शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाच त्यांनीं पहाऱ्यावर नेमलें. लोकांनीं वेड्यांत काढिलें असेल. पण ज्याच्यावर कोणींच विश्वास टाकला नाहीं त्याच्यावर टाकलेला विश्वास सहसा वायां जात नाहीं, हें त्या द्रष्ट्या पुरुषानें ओळखलें होतें. कुलूप मनुष्यास थांबवितें, बदलीत नाहीं. त्यास बदलण्याचें सामर्थ्य विश्वास आणि काम ह्या दोहोंतच असतें.

येथें एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ज्याच्या घरांत खून झाला, जिच्यावर अत्याचार झाला, त्यांच्या दुःखाचें काय? आम्ही त्यांस क्षमेचा उपदेश करणार नाहीं. परक्याच्या जखमेवर आपण दिलेली क्षमा स्वस्त असते. अपराध्यास शिक्षा झालीच पाहिजे, आणि कांहीं माणसांस दीर्घकाळ दूर ठेवावेंच लागतें. परंतु बहुतेक बंदिवान एक ना एक दिवस सुटून ह्याच गांवांत परत येणार आहेत. तो परत येतांना अधिक क्रूर होऊन यावा, कीं हाताला कसब आणि मनाला लाज घेऊन यावा, हा प्रश्न ज्यांचें नुकसान झालें त्यांच्याहि हिताचा आहे. दुसऱ्यानें तीच जखम सोसूं नये असें ज्यास वाटतें, त्यानें तुरुंग सुधारण्याचा पक्ष घेतला पाहिजे.

ह्या कामीं आपण काय करावें? पालकांनीं प्रथम हें जाणावें कीं, अटकेंत असलेल्या प्रत्येक माणसास, त्याची मिळकत कितीहि असो, सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठीं तालुका विधि सेवा समितीकडे अर्ज करितां येतो. तसेंच, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेप्रमाणें, फांशी व जन्मठेपेचे गुन्हे आणि कांहीं अपवाद सोडून, पहिल्याच गुन्ह्याच्या कच्च्या कैद्यानें त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगांत काढिला असेल तर त्यास जातमुचलक्यावर सोडावें असें ठरलें आहे. कोयनाकांठच्या एखाद्या वाडींतल्या म्हाताऱ्या आईस हें ठाऊक नसतें. शिकलेल्या शेजाऱ्यानें तिला अर्ज लिहून देणें, हें पुष्कळ प्रवचनांहून मोठें धर्मकार्य आहे. दुकानदारांनीं व बागाइतदारांनीं सुटून आलेल्या माणसास महिनाभर तरी काम देऊन पाहावें. मंडळींनीं, म्हणजे आमच्या ख्रिस्ती बंधुभगिनींनीं, हें आठवावें कीं, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत प्रभूनें स्वतःस भुकेल्यांत, परक्यांत आणि बंदिवानांत गणलें आहे. भुकेल्यांसाठीं आपण नाताळांत जेवण घालतों, बंदिवानाच्या घरीं मात्र आपली भेटहि जात नाहीं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांस सांगणें थोडेंच आहे. आपल्या वर्गांत असें एखादें मूल असूं शकतें कीं, ज्याचे वडील दोन वर्षें घरीं नाहींत आणि ‘ते मुंबईस कामाला आहेत’ असें सांगण्यास त्यास शिकविलेलें आहे. सहलीच्या वर्गणीचा दिवस आला कीं तें गैरहजर राहतें. पालकसभेस त्याची आजी येते. त्यानें कोणताहि गुन्हा केलेला नाहीं, तरी रोज सकाळीं प्रार्थनेच्या रांगेंत उभें राहतांना आज कोणी कांहीं बोलेल काय, ह्या भीतीची शिक्षा तें भोगत असतें. ती शिक्षा कोणत्याहि न्यायाधीशानें दिलेली नाहीं; ती तुम्ही आम्ही देतों, आणि म्हणून ती आजच्या आज माफ करण्याचा अधिकारहि तुमच्याआमच्याकडेच आहे. त्याला बाकावर जागा द्या, खेळांत घ्या, आणि त्याच्या वडिलांविषयीं विचारूं नका. तुरुंगांची सुधारणा विधिमंडळांत व्हावयाची ती होवो. तिची सुरुवात मधल्या सुटींत करितां येते.